जवळ असणे आणि भेट होणे



वाघोलीच्या आसपास दगडखाणी आहेत. पुणे शहरातील कित्येक इमारतींना लागलेली खडी याच काळ्या दगडाची आहे. या खाणींवर राबणाऱ्या कुटुंबांतील काही मुले माझ्या वर्गात बसतात. सूर्यमालेचा धडा चालू असता त्यांपैकी एकाने विचारले, "बाई, त्या ताऱ्यांकडं कुणी राहत असंल, तर ते आपल्याकडं अजून का आले नाहीत?" दुसरा म्हणाला, "लांब राहत असतील." तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी वहीतून मान वर न करताच म्हणाली, "जवळ राहिलं तरी कोण येतंय?"

वर्ग हसला. मला मात्र हसता आले नाही. त्या मुलांनी मिळून एक मोठा प्रश्न माझ्यापुढे मांडला होता. पहिल्या मुलाने विचारले तेच १९५० साली एन्रिको फर्मी या थोर भौतिकशास्त्रज्ञाने अमेरिकेत जेवताना आपल्या सहकाऱ्यांना विचारले होते. विश्व एवढे मोठे, तारे एवढे असंख्य, तर मग सगळे आहेत कोठे? दुसऱ्या मुलाचे उत्तर शास्त्रज्ञांनीही दिलेले आहे. परंतु तिसरीचे वाक्य शास्त्राच्या पुस्तकात नाही. ते तिने आपल्या जगण्यातून उचलले होते.

या तिघांच्या बोलण्यातून जो प्रश्न निघतो, त्याचा विचार आपण या लेखात करू. प्रश्न असा की, एखादा समाज ज्या जागी जन्माला आला, त्या जागेवरून त्याचे भवितव्य ठरते काय?

अंतराचा हिशेब

प्रथम अंतर समजून घेतले पाहिजे. लाख आणि कोटीचे आकडे ऐकून मन बधिर होते, म्हणून घरातील धान्य घेऊ. आपला सूर्य हा ज्वारीच्या एका दाण्याएवढा आहे असे समजा. तो दाणा वाघोलीच्या बसथांब्यावर ठेवला, तर त्याच्या सर्वांत जवळचा दुसरा तारा कोठे ठेवावा लागेल? नगर रस्त्याने शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर मागे टाकून थेट अहिल्यानगरपर्यंत जावे लागेल, आणि त्याच्याही थोडे पुढे. मधल्या साऱ्या रस्त्यात दुसरा दाणा नाही.

या शेजारी ताऱ्यापासून प्रकाश आपल्याकडे येण्यास सव्वाचार वर्षे लागतात. किलोमीटरमध्ये हे अंतर सुमारे ४० लाख कोटी होते. माणसाने पाठविलेले सर्वांत दूरचे यान म्हणजे व्हॉयेजर-१. ते १९७७ साली निघाले आणि सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर या वेगाने धावत आहे. पुण्याहून अहिल्यानगरला ते सात सेकंदांत पोहोचेल. एवढ्या वेगाचे यान त्या शेजारी ताऱ्याकडे सोडले, तर त्याला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील.

म्हणजे "लांब राहत असतील" हे त्या मुलाचे उत्तर चुकीचे नव्हते. परंतु ते सर्व ठिकाणी लागू पडत नाही, आणि येथूनच विषय पुढे सरकतो.

दाट वस्तीतील तारे

आपली आकाशगंगा ही सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंदीची चपटी थाळी आहे, असे म्हणता येईल. तिच्या मध्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे अंतरावर, विरळ भागात, आपला सूर्य आहे. पण या थाळीच्या भोवती आणि तिच्या वर-खाली ताऱ्यांचे गोल पुंजके विखुरलेले आहेत. त्यांना गोलाकार तारकागुच्छ म्हणतात. असे सुमारे दीडशे गुच्छ ठाऊक आहेत. साधारण शंभर प्रकाशवर्षे रुंदीच्या एकेका गोळ्यात लाखो तारे दाटीने राहतात.

२०१६ साली दोन शास्त्रज्ञांनी या गुच्छांविषयी एक वेगळा विचार मांडला. एक होत्या अमेरिकेतील हार्वर्ड येथील रोझान डी स्टेफानो आणि दुसरे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अलक रे. त्यांचे म्हणणे असे की, परक्या संस्कृतींचा शोध घ्यावयाचा असेल तर या गुच्छांकडे दुर्लक्ष करू नये. त्यासाठी त्यांनी तीन कारणे दिली.

पहिले कारण वयाचे. हे गुच्छ सरासरी हजार कोटी वर्षांचे जुने आहेत. आपल्या पृथ्वीचे वय सुमारे ४५० कोटी वर्षे आहे. तेथे जीवन उपजले असेल, तर त्याला वाढण्यास आपल्यापेक्षा दुपटीहून अधिक अवधी मिळालेला आहे.

दुसरे कारण तेथील ताऱ्यांच्या प्रकाराचे. सूर्यासारखे तारे तेथे म्हातारे होऊन विझत आले किंवा विझले. मागे राहिले ते लहान, मंद, तांबडे तारे. त्यांचे इंधन अत्यंत सावकाश जळते, म्हणून त्यांचे आयुष्य फार मोठे. चूल मंद असली की ऊब घेण्यासाठी तिच्या जवळ बसावे लागते. त्याप्रमाणे अशा ताऱ्याजवळ ज्या ग्रहावर पाणी द्रवरूपात राहू शकेल, तो ग्रह ताऱ्याला अगदी बिलगून फिरत असेल. जो बिलगून फिरतो, त्याला जवळून जाणारा दुसरा तारा सहजासहजी ओढून नेऊ शकत नाही.

तिसरे कारण शेजाराचे. गुच्छाच्या दाट भागात दोन ताऱ्यांमधील अंतर आपल्याकडील अंतराच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी असू शकते. आपल्या ज्वारीच्या हिशेबात बोलावयाचे तर पुढचा दाणा अहिल्यानगरला नाही, तो लोणीकंदच्या आसपासच सापडेल. व्हॉयेजरच्या वेगाने निघालेले यान तेथे सुमारे तीन हजार वर्षांत शेजाऱ्याकडे पोहोचेल. आणि रेडिओ संदेश? तो दोन महिन्यांत जाईल आणि पुढच्या दोन महिन्यांत उत्तर येईल. पूर्वी गावाकडून मुंबईच्या गिरणीत पत्र जाऊन उत्तर यावयास जेवढा वेळ लागे, त्याहून हा काही फार मोठा काळ नव्हे. तेथील एखाद्या शिक्षिकेने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिच्याच विद्यार्थ्यांना त्याच वर्षी ऐकावयास मिळेल.

या सोयीला त्या दोघांनी "गोलाकार तारकागुच्छातील संधी" असे नाव दिले. संधी हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा.

दाटीची किंमत

आता दुसरी बाजू पाहू. दाट वस्तीत शेजार मिळतो, तसा धक्काही मिळतो.

याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातून मिळाले आहे. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. पोलादी दोरांवर बारीक तारांची जाळी ताणून कमी खर्चात एवढी मोठी तबकडी उभी करण्याची कल्पना डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. २००४ साली या दुर्बिणीने एनजीसी १८५१ नावाच्या गोलाकार तारकागुच्छात एक स्पंदक तारा शोधला. तो स्वतःभोवती सेकंदाला सुमारे दोनशे वेळा फिरतो आणि एका जोडीदारासह सुमारे १९ दिवसांची एक फेरी पूर्ण करतो. परंतु ही फेरी गोल नाही, ती फार लांबट आहे. असा वेगवान स्पंदक साधारणपणे गोल फेरीतच सापडावयास हवा. म्हणून संशोधकांनी असे अनुमान केले की, या ताऱ्याचा मूळ जोडीदार गर्दीतील एका गाठीभेटीत हिरावला गेला आणि दुसराच त्याच्या जागी आला.

जेथे ताऱ्यांच्या जोड्या मोडतात, तेथे दूरवर फिरणाऱ्या ग्रहाची काय कथा? तो आपल्या ताऱ्यापासून तुटून अंधारात भटकू लागेल.

दुसरी उणीव द्रव्याची. आमच्या खाणीतील काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. पण त्यातील लोह, सिलिकॉन, ऑक्सिजन ही मूलद्रव्ये त्याहून कितीतरी जुनी. आधीच्या ताऱ्यांच्या पोटात ती तयार झाली आणि त्या ताऱ्यांच्या अंतानंतर अवकाशात विखुरली. गोलाकार गुच्छ हे फार पूर्वी जन्मले. तेव्हा अशी द्रव्ये पुरेशी साठलेलीच नव्हती. ज्या बांधकामाला खडीच मिळाली नाही, ते उभे कसे राहणार? १९९९ साली हबल दुर्बिणीने ४७ टुकाने नावाच्या गुच्छातील सुमारे ३४ हजार ताऱ्यांवर पाळत ठेवली. ताऱ्याला बिलगून फिरणारे मोठे ग्रह आपल्याकडच्या प्रमाणात तेथे असते, तर पंधरा-सोळा तरी सापडावयास हवे होते. एकही सापडला नाही.

यावरून तेथे ग्रहच नाहीत असे म्हणावे काय? तसेही म्हणता येत नाही. २००३ साली एम-४ या गुच्छात गुरूच्या सुमारे अडीचपट वजनाचा एक ग्रह असल्याचे पक्के झाले, आणि तो विश्वातील अतिप्राचीन ग्रहांपैकी एक आहे.

आपली जागा

आता आपल्या जागेकडे पाहू. आपण एकटे आहोत, शेजारी दूर आहे. परंतु याच विरळपणामुळे पृथ्वीची सूर्याभोवतीची फेरी कोट्यवधी वर्षे बिघडली नाही. आपल्या भागात जड द्रव्येही पुरेशी होती, म्हणून पायाखाली दगड आहे आणि रक्तात लोह आहे. आकाशगंगेच्या अगदी मध्याशी गेलो, तर तेथे तारे खूप आणि जड द्रव्येही खूप, परंतु ताऱ्यांचे स्फोट आणि घातक किरणही जास्त. अगदी काठावर गेलो, तर शांतता आहे पण द्रव्य कमी. म्हणूनच आकाशगंगेत जीवनाला अनुकूल असा एक मधला पट्टा असावा, असे काही शास्त्रज्ञ मानतात. काहींना अशी पक्की सीमारेषा मान्य नाही.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यांपैकी कोणतीही जागा पवित्र नाही, आणि कोणतीही अशुभ नाही. जी दाटी संदेश लवकर पोहोचविते, तीच दाटी ग्रहाला घरातून हुसकावते. जो एकांत आपल्याला सुरक्षित ठेवतो, तोच एकांत आपली हाक वाया घालवितो. प्रत्येक जागेत काही कारणे अनुकूल आहेत, काही प्रतिकूल. हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही, ही कार्यकारणाची शिकवण आपल्या घरांना नवी नाही. आकाशालाही तोच नियम लागू आहे. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या आकाशातून आपल्यासाठी शुभ-अशुभ काढले, त्यांना हे आकाश वाचताच आले नव्हते.

दोन प्रकारचे अंतर

आता त्या मुलीच्या वाक्याकडे वळू. "जवळ राहिलं तरी कोण येतंय?"

तारकागुच्छात शेजार जवळ आहे, म्हणून तेथील संस्कृतींची भेट होईलच, असे त्या शास्त्रज्ञांनीही म्हटलेले नाही. त्यांनी संधी म्हटले आहे. संधी आणि भेट यांत किती फरक असतो, हे आपल्या वाडवडिलांइतके कोणाला कळणार? गावाची विहीर वस्तीपासून काही पावलांवर असे, तेथे ना प्रकाशवर्षे होती ना यानाची गरज होती. तरी ती पावले शेकडो वर्षे चालता आली नाहीत. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. तळे जवळच होते आणि आता कागदही अनुकूल होता, तरीही पाणी दूरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे चालत गेली आणि ओंजळीने पाणी प्याली, तेव्हा ते अंतर कापले गेले.

म्हणून मला असे वाटते की, अंतर दोन प्रकारचे आहे आणि त्यांची गल्लत करू नये. एक अंतर निसर्गाचे. सूर्य आणि शेजारी तारा यांच्यामधील पोकळी कोणी मुद्दाम केलेली नाही. तिच्यात कोणाचा अपराध नाही. ती ज्ञानाने, धीराने, पिढ्यांच्या कष्टाने ओलांडावयाची असते. दुसरे अंतर माणसाने माणसापासून राखलेले. ते पावलांत मोजता येते, पण ते निसर्गाचे नाही. जो दुसऱ्या अंतराला पहिल्या अंतरासारखे समजतो, "हे असेच चालायचे, ज्याची जागा त्याला" असे म्हणतो, तो अज्ञानी तरी आहे किंवा लबाड तरी आहे. आणि जो पहिल्या अंतराला दुसऱ्यासारखे समजून "आकाश गप्प आहे, म्हणजे आपल्याला कोणी विचारत नाही" असे म्हणतो, तोही चुकतो.

आकाश गप्प आहे हे खरे. पण आपण ऐकले तरी किती? २०१८ साली काही संशोधकांनी हिशेब केला की, आतापर्यंतचा सारा शोध पृथ्वीवरील सर्व समुद्रांच्या मानाने एका मोठ्या हौदातील पाण्याएवढा आहे. हौदात मासा दिसला नाही, म्हणून समुद्रात मासे नाहीत असे कोणता कोळी म्हणेल?

उत्तर न मिळणारा प्रश्न

काही सुज्ञ वाचक येथे आक्षेप घेतील. तथागतांनी मालुंक्यपुत्ताला काय सांगितले? बाण लागलेल्या माणसाने बाण कोणी मारला, धनुष्य कशाचे होते, हे विचारीत बसू नये, आधी बाण काढून घ्यावा. जग अनंत आहे की सान्त आहे, या प्रश्नावर ते मौन राहिले. मग बौद्धाने ताऱ्यांवरील वस्तीची चौकशी का करावी?

आक्षेप योग्य आहे, म्हणून उत्तरही सरळ दिले पाहिजे. ज्या प्रश्नाची तपासणी करता येत नाही आणि ज्याच्या उत्तराने कोणाचे दुःख हलके होत नाही, त्याच्या वादात आयुष्य घालवू नये, असा त्या मौनाचा अर्थ मी घेते. परंतु ताऱ्याभोवती ग्रह आहे की नाही, हे पाहता येते. आहे असे म्हणणाऱ्याला पुरावा मागता येतो. आणि परिस्थितीने काय घडते व काय घडत नाही, हे शिकणे म्हणजे दैववादाचा बाण काढणेच आहे. हा विचार करताना गावच्या पाण्याचा प्रश्न विसरावा असे मात्र मी म्हणत नाही. तो विसरून जो ताऱ्यांकडे पाहील, त्याला बाण लागलेला माणूस दिसलाच नाही असे म्हणावे लागेल.

आणि फळ आपल्या हयातीत मिळणार नसेल तर? १६ नोव्हेंबर १९७४ रोजी अरेसिबो येथील रेडिओ दुर्बिणीतून एम-१३ या गोलाकार तारकागुच्छाकडे सुमारे तीन मिनिटांचा एक संदेश पाठविला गेला. तो पोहोचावयास सुमारे २५ हजार वर्षे लागतील. ती दुर्बीण २०२० साली कोसळली, संदेश मात्र वाटेवर आहे. हे वेड आहे, असे कोणी म्हणेल. पण आमच्या आजीने स्वतः अक्षर न ओळखता माझ्या वडिलांना शाळेत पाठविले. वडील मॅट्रिकपर्यंत पोहोचले, आणि विद्यापीठाची पदवी माझ्या हाती आली तेव्हा आजी नव्हती. पोहोचण्याचा दिवस आपला नसेल, म्हणून निघूच नये असे तिने मानले असते, तर हा लेख लिहिला गेला नसता.

मुलांसाठी

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापारेली नावाचे छोटे यान मंगळावर उतरत होते. त्याचा अतिशय क्षीण आवाज सुमारे १७ कोटी किलोमीटरवरून ऐकला तो आपल्या खोडदच्या तबकड्यांनी. उतरण्याच्या थोडे आधी तो थांबला आणि यान आदळून नष्ट झाले. यान गेले, पण आवाज ऐकला गेला. कारण ऐकणाऱ्यांनी त्यासाठी गोंगाटापासून दूर, डोंगरांच्या आडोशाची जागा निवडली होती आणि कान तयार ठेवले होते. ऐकावयाचे असेल तर तशी परिस्थिती निर्माण करावी लागते.

वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली. आता नगर रस्त्याच्या दिव्यांत येथून फार थोडे तारे दिसतात. एप्रिल-मेच्या रात्री दक्षिणेला क्षितिजावर ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ नुसत्या डोळ्यांनी पुसट ठिपक्यासारखा दिसू शकतो. सुमारे १७ हजार वर्षांपूर्वी निघालेला तो प्रकाश असतो. पण त्यासाठी अंधाऱ्या माळावर जावे लागते. आपल्या मुलांना एकदा तेथे न्या. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरत आले आहे, तेथेही न्या. मूल कोणत्या नक्षत्रावर जन्मले हे विचारावयास ज्योतिष्याकडे जाण्यापेक्षा तो एसटीचा खर्च सार्थकी लागेल.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी ज्वारीचे दोन दाणे दिले आणि वरचा हिशेब तिच्याकडूनच फळ्यावर करून घेतला. गुणाकारात तिची एक चूक झाली. शेजारच्या बाकावरचा मुलगा उठून फळ्यापाशी आला, आणि दोघांनी मिळून ती दुरुस्त केली.